पहिल्या पानावरची सही

भाना, आपलं भांडण अर्धवट राहिलंय. तू असा मध्येच उठून जाणारा माणूस नव्हतास. चहा संपला तरी रिकामा कप एका हातात धरून, दुसऱ्यानं कानाची पाळी चोळत वाद घालत बसायचास, आणि शेवटी वहिनी येऊन तो कप तुझ्या हातातून ओढून न्यायच्या. या वेळी मात्र माझं वाक्य पुरं व्हायच्या आत गेलास. अजून महिनाही झालेला नाही. मुरुमच्या बाजारात लोक मला अडवतात आणि म्हणतात, सर, तुमचे मित्र गेले म्हणं. मी मान हलवतो आणि कोथिंबीर घेऊन घरी येतो.

शाळेच्या अंकासाठी तुझ्यावर काहीतरी लिहून द्या, असं मुख्याध्यापक म्हणाले. जन्म, शिक्षण, नोकरी, निवृत्ती हे सगळं त्यांनी आपलं आपण लिहावं. तुझ्याबद्दल बोलायला मला जमत नाही, तुझ्याशी बोलायची सवय आहे. तेव्हा आता मुकाट ऐकून घे, आयुष्यात पहिल्यांदाच.

तू ड्रॉइंग मास्तर, मी मराठीचा. बाकीचे मास्तर प्लॉट बघत हिंडायचे तेव्हा तू रद्दीच्या दुकानात उकिडवा बसलेला असायचास. आधी मला वाटायचं, चित्रं शोधतोस. मग एकदा तू मला वरच्या खोलीत नेलंस, पत्र्याची पेटी उघडलीस आणि डांबरगोळ्यांच्या वासात एकेक कागद काढून दाखवायला लागलास. कुण्या सरदाराचं मोडीतलं पत्र. सगळा मजकूर कारकुनाच्या हातचा आणि शेवटची एक ओळ तेवढी सरदाराची स्वतःची. निजामाच्या कुण्या तालुकेदाराची उर्दू सही, पसरून बसलेल्या बगळ्यासारखी. एका गोऱ्या साहेबाची, जिची शेपटी कागदाच्या बाहेर जायला बघत होती. तुरुंगात गेलेल्या एका पुढाऱ्यांची घाईघाईतली सही, आणि एका गावच्या निवाड्याखाली पाटलानं काढलेला नांगर. नाव लिहिता येत नव्हतं म्हणून नांगर. मजकुरात तुला कधीच रस नव्हता. मी मोडी लावून वाचून दाखवायला लागलो की तू म्हणायचास, ते राहू दे रे अरविंदा, हात कसा चाललाय ते बघ.

तुझी खरंखोटं पारखायची पद्धत मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला हसू आलं होतं. सहीवर बटर पेपर ठेवायचा, कोरडा टाक घ्यायचा, शाई अजिबात नाही, आणि डोळे मिटून त्या सहीवरून हात फिरवायचा. पुन्हा पुन्हा. खोट्या सहीवर तुझा हात कुठंतरी अडायचा. नक्कल करणारा जिथं बिचकला असेल तिथंच अडतो, असं तू सांगायचास. खऱ्या सहीवर हात हळूहळू सुटत जायचा आणि मग आपला आपण चालायला लागायचा. त्याला तू चाल सापडणं म्हणायचास. लातूर-सोलापूरकडचे दोन-चार शौकीन तुझ्याकडं कागद घेऊन यायचे ते यासाठीच.

मी म्हणायचो, यात काही गूढ नाही, तू आयुष्यभर पोरांना घोडे आणि सुरया काढून दाखवल्यास, तुझ्या हाताला नकलेची सवय आहे. तू म्हणायचास, व्हय, आसंल. आणि पुन्हा डोळे मिटायचास.

पण डोळे मिटलेस की तू तू राहायचा नाहीस, हे मी बघत होतो. तेव्हा कबूल केलं नाही, आता करतो. त्या गोऱ्या साहेबाची सही करताना तुझी मान ताठ व्हायची आणि ओठ आत ओढले जायचे. तालुकेदाराच्या सहीला तू डावा गुडघा वर घेऊन बसायचास, खुर्चीवरसुद्धा. मी म्हटलं, हे काय नाटक? तर तुला कळलंच नव्हतं तू कसा बसला होतास ते.

अणदूरची गोष्ट आठवते ना? तुरुंगात गेलेल्या त्या पुढाऱ्यांच्या घरी आपण गेलो होतो. घरात आणखी कागद आहेत असं कळलं होतं म्हणून. पुढाऱ्यांचा नातू चांगला माणूस, त्यानं ओसरीवर सतरंजी टाकली आणि आजोबांचा एक अर्ज आणून दिला. तू तिथंच मांडी घालून बसलास, बटर पेपर ठेवलास आणि टाक फिरवायला लागलास. आतल्या दारात त्या घरातली सगळ्यांत म्हातारी बाई बसली होती, पुढाऱ्यांची धाकटी सून. नव्वदीची असेल. वाती वळत होती. आपल्याकडं तिचं लक्षही नव्हतं. मग तिनं सहज मान वर केली, तुझ्याकडं पाहिलं आणि वाती खाली ठेवल्या. दोन्ही हातांनी पदर डोक्यावर घेतला, नीट कपाळापर्यंत ओढला आणि भिंतीला धरून उठून उभी राहिली. नातू म्हणाला, काकू, बस की, पाव्हणे हायत. तर ती हळू आवाजात म्हणाली, "मामंजी बसल्यात न्हवं लिहायला. म्या कशी बसू?"

तुझे डोळे मिटलेले होते. तू ऐकलंस की नाही मला माहीत नाही. तुझी सही पुरी होईपर्यंत ती बाई उभी होती. तू डोळे उघडून माझ्याकडं बघून हसलास, तशी ती गोंधळली आणि तू कोण म्हणून विचारायला लागली. परतीच्या वाटेवर एसटीत मी बरंच काही बोललो, म्हातारपणी डोळ्यांना कसं कमी दिसतं वगैरे. तू खिडकीतून तुरीची शेतं बघत होतास.

आणखी एक. माझी सुमन गेली, त्यानंतर काही दिवसांनी तू घरी आलास आणि चपला काढता काढता म्हणालास, तिची सही असलेलं काही असलं तर दे, एकदा बसतो. मी तुला दारातूनच परत पाठवलं होतं. त्याबद्दल मी माफी मागत नाही. कुणी आपल्या बायकोला असं कोरड्या टाकानं बोलावू देईल का? पण तू राग धरला नाहीस. दुसऱ्या दिवशी ज्वारीच्या भाकरी आणि वांग्याची भाजी घेऊन आलास, माझ्याबरोबर जेवलास आणि तिच्याबद्दल चकार शब्द न काढता गेलास. त्याबद्दल मात्र तुझे आभार मानायचे राहिले होते.

तुझी स्वतःची सही कधी गेली, हे नक्की सांगता यायचं नाही. मला ते कळलं नोव्हेंबरात. आपण दोघं हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेलो होतो. काउंटरवर तुझाच जुना विद्यार्थी होता. उठून उभा राहिला, पाणी मागवलं. मी सही केली, माझं काम झालं. तू केलीस. त्यानं कागद पाहिला, मग संगणकावरचा जुना नमुना पाहिला आणि अवघडून म्हणाला, "सर, सही जुळंना झाली. आणखी एकदा करता का?" तू दुसऱ्यांदा केलीस. तिसऱ्यांदा केलीस. पोरगं खाली मान घालून बसलं. मी तो कागद ओढून घेतला. नाव तिन्ही ठिकाणी तुझंच होतं, अक्षरं तुझ्या नावाचीच होती. पण एका सहीची शेपटी कागदाबाहेर निघाली होती. दुसरी बगळ्यासारखी बसली होती. तिसरीत ती घाई होती, अणदूरच्या अर्जावरची.

शेवटी मॅनेजरांनी तुला ओळखलं म्हणून अंगठ्यावर भागलं. अंगठा पुसत पुसत तू बाहेर आलास आणि हसून म्हणालास, "मी हयात हाय का न्हाय ह्ये आता मॅनेजरला ठाऊक." मला हसता आलं नाही. उसाच्या रसाच्या गाड्यावर उभं राहून मी तुला वाट्टेल ते बोललो. पेटीला कुलूप घाल, सगळं एखाद्या संग्रहालयाला देऊन टाक, काचेत राहू दे. तू म्हणालास, काचेत ठेवलं की त्येंचा हात थांबतो.

वहिनींना आधीपासूनच माहीत होतं. त्या मला एकदा स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "भाऊजी, ह्यांना वाढताना मला कधीकधी कळत न्हाय बगा, पानावर कोण बसलंय. परवा ताक नको म्हणाले. ह्यांनी जन्मात कधी ताकाला न्हाय म्हटलं न्हाय." मी वहिनींना तुझी साखर तपासून घ्यायला सांगितलं. शिकलेला माणूस घाबरला की साखर तपासायला सांगतो.

तरीही तुला त्याचं फार वाईट वाटलं नसतं. बँकेचं काय, अंगठ्यावर चाललं असतं. पण तुझी नात आली.

शर्वरी दुसरीत. आजोबा सह्या गोळा करतात म्हणून तिनंही एक वही केली. त्यात दूधवाल्याची सही, उमरग्याच्या एसटी कंडक्टरची, तिच्या बाईंची, शेजारच्या शहाळेवाल्याची. शहाळेवाल्यानं नावाखाली शहाळंही काढून दिलं होतं. मला तर तिनं दोनदा सही करायला लावली, पहिली तिरकी आली म्हणून. आणि पहिलं पान कोरं. ते आजोबांचं. ती वही तिनं तुझ्या मांडीवर ठेवली आणि पेनाचं टोपण काढून दिलं. तू पेन हातात घेतलंस, पानाकडं पाहिलंस आणि म्हणालास, उद्या देतो गं बाळ.

तो उद्या काही आला नाही. ती आईबरोबर पुण्याला गेली, वही तुझ्याकडं ठेवून. दर रविवारी फोन यायचा, आजोबा, केली का? तू म्हणायचास, चालू हाय. मी आलो तेव्हा तू जुन्या कॅलेंडरांच्या पाठीमागं सह्या करत बसला होतास. पान पान भरलेलं. एकाहून एक देखणी अक्षरं, आणि त्यात तू कुठंही नव्हतास. तू म्हणालास, "अरविंदा, लेकराला दुसऱ्याची सही कशी देऊ? माझी कसली होती रे?" चष्मा कुठं ठेवला असं विचारावं तितक्या साध्या आवाजात तू विचारलंस. सगळ्या जगाच्या सह्या पेटीत ठेवणाऱ्या माणसाकडं स्वतःची एक नव्हती. तुला तेवढीच हवी होती, आणि मला ती तुला शोधून द्यायची होती.

बँकेतला नमुना संगणकाच्या काचेत, त्यावर टाक चालायचा नाही. जुनी प्रगतिपुस्तकं आणि हजेरीपट शाळेनं कधीच काढून टाकले होते. मग तुला येडशीचा सिद्धार्थ आठवला. आपल्याकडं मामाच्या घरी राहून शिकलेला, हाताचा फार गुणी, आता तिकडं मोटार रिवायंडिंगचं दुकान चालवतो. त्याच्या एका वस्तुचित्रावर तू लाल शाईनं उत्तम लिहून सही केली होतीस, आणि त्यानं ते मढवून ठेवलंय, असं कुणीतरी सांगितलं होतं. आपण सकाळच्या एसटीनं निघालो. तुळजापूरला तू वडा खाल्लास, दोन. त्या दिवशी तू फार खुशीत होतास. येडशीत रामलिंगाच्या देवळाकडची माकडं दुकानाच्या पत्र्यावर बसली होती आणि सिद्धार्थ तांब्याच्या तारा बाजूला सारून तुझ्या पाया पडला. चित्र त्यानं भिंतीवरून काढून थेट तुझ्या हातात दिलं. तांब्या, दोन लिंबं आणि कोपऱ्यात तू. तीच ती सही. मी ती तीस वर्षं हजेरीपटावर रोज माझ्या सहीच्या वर पाहिली होती. मला इतका आनंद झाला की मी सिद्धार्थच्या पाठीत धपाटा घातला.

तू काच काढायला लावलीस. बटर पेपर ठेवलास, कोरडा टाक घेतलास, डोळे मिटलेस.

हात अडला. पहिल्याच वळणावर. तू पुन्हा सुरुवात केलीस, पुन्हा तिथंच. मग पुढं कुठंतरी. माकडं पत्र्यावरून धावली, सिद्धार्थ चहा सांगायला गेला आणि परत आला, तरी तू करतच होतास. शेवटी तू टाक माझ्या हातात दिलास. मी असले प्रकार करत नाही, पण तुझं तोंड बघून केलं. माझाही हात अडला.

चित्र घेऊनच जा, सर, म्हणून सिद्धार्थनं ते वर्तमानपत्रात बांधून दिलं. एसटीत ते तू मांडीवर धरून बसलास. मला वाटलं, तू आता म्हणशील की ही सही खोटी आहे, आणि मी तुला सांगेन की अरे, तेव्हाचा तू पस्तिशीचा, आता हात थरथरतो, अडणारच. पण तू वेगळंच बोललास. नळदुर्ग मागं पडलं होतं.

"अडंलच की," तू म्हणालास. "गेलेल्या माणसाची चाल पुरी झालेली असती, म्हणून हात चालतो. जित्याची चाल अजून व्हायची असती. ती सापडंल कशी? त्याची त्याला सुदिक सापडत न्हाय."

मी विचारलं, मग शर्वरीला काय देणार?

"बघू. मी गेल्यावर तू एकदा बस. तुझा हात चालला तर लेकराच्या वहीत करून टाक. माझीच आसंल ती."

मी भडकलो. म्हटलं, भाना, मी असले चाळे करणार नाही, कधीच नाही, आणि तुला कारण सांगतो ऐक. तेवढ्यात मुरुमचा फाटा आला, कंडक्टरनं बेल मारली आणि उतरायच्या गडबडीत कारण राहिलं. उद्या सांगू म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींचा फोन आला की तू उठत नाहीयेस.

स्मशानात मला रडू आलं नाही. तेराव्यालाही नाही. तुझा फोटो हार घालून ठेवला होता आणि मला सारखं वाटत होतं, हा वरच्या खोलीत डोळे मिटून बसलाय, आत्ता खाली येईल आणि म्हणेल, कुणाचं जेवण आहे रे? दिवस संपले. तुझी मुलगी शर्वरीला घेऊन पुण्याला निघायची तयारी करायला लागली. भर दुपारी वहिनी मला वर घेऊन गेल्या. टेबलावर त्यांनी शर्वरीची वही काढून ठेवली होती आणि सिद्धार्थचं चित्र. म्हणाल्या, "भाऊजी, ती रोज विचारतीया. तुमी करा. ह्यांनी मला सांगून ठेवलं व्हतं, अरविंदा न्हाय म्हणंल, पर करंल." आणि दार ओढून घेऊन खाली गेल्या.

म्हणजे तू दोन्हीकडून बंदोबस्त करून ठेवला होतास.

मी खुर्चीवर बसलो. हे करायचं नाही याची कारणं मी मनातल्या मनात तुला सांगितली, एसटीत राहिलेली सगळी. फसवणूक आहे. लेकराच्या विश्वासाशी खेळ आहे. आणि खरं कारण शेवटी, की मला भीती वाटते. माझा हात चालला नाही तर, आणि चालला तर. मग मी बटर पेपर ठेवला. टाक घेतला. डोळे मिटले.

भाना, हात कुठंच अडला नाही.

पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं, खालची रेघ आली आणि टाक आपला आपण पुन्हा वर जाऊन सुरुवातीला टेकला. मी थांबवायचा प्रयत्न केला नाही. बरं वाटत होतं, इतकं बरं की लाज वाटावी. कितीतरी दिवसांनी तू खोलीत होतास. डोळे उघडले तेव्हा माझा डावा हात कानाची पाळी चोळत होता. ती सवय माझी नाही. आणि त्याच क्षणी मला कळलं की तू गेलास. पुरा झालास. येडशीला अडलेला हात आज चालला, याचा दुसरा अर्थ होत नाही. तिथं टेबलावर डोकं ठेवून मी रडलो, मोठ्यानं, आणि खाली वहिनींना ऐकू जातंय याची मला काही पडली नव्हती. सुमनच्या वेळी तू काय द्यायला आला होतास, तेही तेव्हाच कळलं.

मग मी टाक शाईत बुडवला आणि शर्वरीच्या वहीचं पहिलं पान उघडलं. डोळे उघडे ठेवून सही केली. एकदाच. संगणकावरचा नमुना आणून लावला तरी जुळेल अशी.

शर्वरी कधी वर आली मला कळलं नाही. दारातून पळत आली आणि वहीवर वाकली. सही नीट बघितली, मग बोट ठेवलं. शाई बोटाला लागली. तिनं ते निळं बोट उजेडात धरून पाहिलं, माझ्याकडं पाहिलंच नाही, खोलीत सगळीकडं पाहिलं, दाराकडं पाहिलं.

"ओली आहे अजून," ती म्हणाली. "आजोबा आत्ता कुठं गेले?"

मी टाक पुसायला घेतला. तूच सांग, भाना. तेवढंच विचारायला हे सगळं लिहिलंय.